पाठमोऱ्या आक्का

आक्का कुणाच्या घरी गेल्या की पहिल्यांदा पाठ करून बसायच्या. माणसांकडे नव्हे, ज्याच्यासाठी त्यांना बोलावलं असेल त्या कुत्र्याकडे. स्कूटीला अडकवलेलं घडीचं स्टूल काढायचं, अंगणाच्या पार टोकाला मांडायचं, कुत्र्याकडे पाठ करायची आणि पिशवीतून पेपर काढून बाजारभाव वाचायला लागायचं. ऐकू जाईल असं, पण एका सुरात. कांदा, बटाटा, गवार, मेथी, कोथिंबीर. त्या शिरोळकडच्या जुन्या जैन शेतकरी घरातल्या. त्यांच्या चुलीवर कांदा-बटाटा कधी चढला नाही, पण भाव सगळ्यांचे पाठ.

आमच्याकडे पहिल्या दिवशी त्या असं पाऊण तास वाचत बसल्या होत्या. माझा कुत्रा बंड खाटेखालून आधी भुंकला, मग गुरगुरला, मग गप्प झाला. मी दारात उभी होते. आता उठतील, आता काहीतरी करतील, असं मला वाटत होतं. गुळाच्या भावापाशी आल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली, स्टूल उचललं आणि निघाल्या.

"आक्का, पण आज तुम्ही केलं काय?"

"काय केलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याच्या घरात कुणीतरी आलं आणि काय न करता गेलं, हे त्यानं पयल्यांदा बघितलं. एका दिवसाला लई झालं."

दारावरच्या त्यांच्या पाटीवर 'श्वान वर्तन सल्लागार' असं लिहिलेलं होतं. आमची गल्ली त्यांना कुत्र्याच्या बाई म्हणायची. आयुष्यभर त्यांनी पहिलीच्या वर्गाला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन कुत्र्यांच्या वागण्याचा रीतसर अभ्यास करून आल्या, आणि साठी उलटल्यावर कोल्हापुरात स्कूटीवरून हिंडायला लागल्या. शाळेत पहिल्या दिवशी रडणारी पोरं आणि भुंकणारी कुत्री यांच्यात त्यांना फार फरक वाटत नसे. "दोघांस्नी बी एकच विचारायचं असतंय," त्या म्हणायच्या, "की मला हितनं जाता येईल का?"

मला हे सगळं पचायला जड गेलं, कारण माझं घर पत्रकांचं. वडिलांचा छोटा छापखाना. हंगामी कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, धरणग्रस्त, ज्याला कुणीच छापून देत नाही त्याची पत्रकं आमच्याकडे छापली जात. माझ्या शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. मुळाक्षरांच्या आधी मला उद्गारचिन्ह ओळखता येत होतं. पुढं मी स्वतः लिहायला लागले तेव्हा दुसरं वळण मला ठाऊकच नव्हतं. लिहायचं म्हणजे कुणालातरी ठणकावायचं.

बंडलाही मी तशीच घेऊन आले होते. मार्केट यार्डाच्या मागं एक माणूस त्याला काठीनं मारत होता. मी मध्ये पडले, काठी हिसकावून घेतली आणि त्या माणसाला दहा मिनिटं सुनावलं. त्या दहा मिनिटांत कुत्रा गटाराच्या पाइपात शिरून थरथरत होता, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. घरी आणल्यावर त्याचं नाव मी बंड ठेवलं. आक्कांनी ते नाव कधीच तोंडात घेतलं नाही. म्हणाल्या, "आधी त्याला नीट घाबरू दे. बंडाचं मग बघू."

आक्का येण्याआधी माझ्या हातून मोठी चूक झाली होती. भीतीपासून पळून ती संपत नाही, तिच्यासमोर उभं राहिल्यावरच संपते, असं मी निदान तीन पत्रकांत लिहिलेलं. मग कुत्र्याला वेगळा नियम का लावायचा? एका रविवारी संध्याकाळी मी बंडला थेट रंकाळा तलावावर नेलं. गर्दी, फुगेवाले, भेळेच्या गाड्या, छत्र्या, काठ्या, सगळं एकदम. तो जमिनीला चिकटला. मी त्याला ओढत होते आणि "घाबरायचं नाही" असं सांगत होते. आणि हा रंकाळा आहे, कोल्हापुरातला आहे, त्यामुळं दर पाच मिनिटांनी एक माणूस पुढं येऊन "काय करत न्हाई ओ, मी कुत्र्यांचाच माणूस हाय" म्हणत त्याच्या डोक्यावर हात ठेवत होता. आमच्याकडं माया दुरून करत नाहीत.

त्या दिवसानंतर खराटा असो, छत्री असो, पाण्याचा पाइप असो, हातात काही लांब घेतलेला माणूस दिसला की बंड अंगावर जायला लागला. पंधरा दिवसांत त्यानं तात्यांचा लेंगा फाडला.

तात्या म्हणजे आमचे घरमालक. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी झाली, आता गुडघ्यामुळं हातात काठी असते. दात लागले नव्हते. पण लेंगा गुडघ्यापासून खाली गेला, आणि तो गल्लीच्या मधोमध, चार बायका नळाला असताना. तिसऱ्या दिवशी अर्ज आला. जन्मभर मी दुसऱ्यांसाठी अर्ज लिहिले, माझ्याविरुद्धचा हा पहिला. त्यावर पहिली सही समोरच्या मावशींची होती.

तात्यांनी निकालही दिला. "चवथीच्या आत कुत्रं हलवायचं. गणपतीत गल्लीत गर्दी आसती, मला ताप नगं. गडमुडशिंगीला मळ्यावर नेतो, मोटरीपाशी साखळीला बांधतो. राखण बी हुईल."

त्यांच्या दृष्टीनं ती सोयच होती. मला मात्र साखळीला बांधलेला बंड दिसत होता. मळ्यावर दिवसभर माणसं खोरी-काठ्या घेऊन येणार-जाणार आणि त्याला पळायलाही जागा नसणार. तो महिन्याभरात कुणालातरी खरंच चावला असता, आणि मग त्याचं काय झालं असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी गोळ्या न देता आक्कांचा नंबर दिला. चतुर्थीला तेव्हा अडीच महिने होते.

"अडीच महिन्यांत होईल का?" मी आक्कांना विचारलं होतं.

"चवथ कवा हाय ते मला माहीत हाय. त्याला न्हाई. म्हणून मला तारीख सांगू नगंस."

आक्कांच्या सवयींवर गल्ली आठवडाभर हसत होती. गल्लीच्या तोंडाशी त्या स्कूटी बंद करायच्या आणि हातातल्या हिरव्या बांगड्या रबर लावून एकत्र बांधायच्या, आवाज नको म्हणून. पायात पांढरे बूट, अंगावर कायम फिकट रंगाचं सुती लुगडं. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं असे, म्हणून घड्याळात बघून त्या कुठल्याही क्षणी उठायच्या. बंड कधी नव्हे तो छान वागत असला तरी उठायच्या. मी म्हणायची, "आक्का, आत्ता तर कुठं जमतंय." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "जमतंय तवाच थांबायचं. बिघडल्यावर थांबलं, की त्याच्या ध्येनात बिघडलेलंच ऱ्हातंय."

खाण्याचा प्रश्न आला तेव्हा मला वाटलं होतं, आता या अडकणार. भीतीची वस्तू दिसली की त्याच क्षणी कुत्र्याला त्याचं सगळ्यांत आवडतं खाणं द्यायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी घरून पनीर आणलं. बंडनं हुंगून सोडलं. खोबरं सोडलं, उकडलेलं रताळं मी दिलं तेही सोडलं. शेवटी मी भीत भीत म्हटलं की त्याला एकच गोष्ट वेड लावते, मटणाची कलेजी.

आक्का क्षणभरही थांबल्या नाहीत. "मग कलेजीच. बिनमिठाची उकड आणि वाटाण्याएवढे तुकडे कर."

"तुम्हाला चालेल?"

"मला कुठं खायचीय?" त्यांनी पदर नाकाला लावला आणि चार पावलं मागं सरकल्या. "माझा धर्म माझ्या ताटापुरता. त्याला काय आवडावं ते त्यानं ठरवायचं."

मी धर्मावर बरीच पत्रकं लिहिली आहेत. इतकं सरळ वाक्य मला त्यांतल्या एकातही सुचलं नव्हतं.

त्यांनी मला एक वही घालायला लावली होती. रोज काय झालं ते लिहायचं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'आज छत्रीवाला माणूस दिसताच बंड सुडानं पेटून उठला आणि त्यानं त्वेषानं झेप घेतली.' आक्कांनी पिशवीतून लाल पेन काढलं. शाळा सुटली तरी पेन सुटलं नव्हतं.

"सूड कुणाचा?"

"बंडचा."

"तुझा हाय तो. त्याचं काय झालं ते लिही. कान कुठं हुते? शेपूट? छत्री किती पावलांवर हुती? विशेषण एक बी नगं."

मी चिडून लिहिलं. 'छत्री. वीस पावलं. थांबला. कान मागं. शेपूट पोटाखाली. उजवा पंजा उचलला. ओठ चाटले. मग भुंकला.'

लिहून झाल्यावर माझं मलाच वाचताना दिसलं. भुंकण्याआधी त्यानं पाच गोष्टी केल्या होत्या.

"बघ की," आक्का म्हणाल्या. "पाच डाव त्यानं तुला हळू आवाजात सांगितलं. तू ऐकलं न्हाईस, म्हणून वरडला. तू काय वेगळं करतीस?"

मी पान पुन्हा वाचलं. खरं होतं ते.

त्या प्रत्येक कुत्र्याला पावणं म्हणायच्या. कुत्रा त्यांचा नसो, त्यांच्या घरी आलेला नसो, तरी पावणंच. एकदा मी त्यांना अडवून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या घरी पयल्यांदा पावणं आलं तर काय करतीस? बस म्हणतीस, पाणी ठेवतीस, आणि त्याला टेकू देतीस. गळ्यात हात टाकून ओढत न्हाईस. तोंडाकडं टक लावून बघत न्हाईस. तुझं कुत्रं मोर्च्याला आलेलं न्हाई गं, पावणं आलंय."

त्यांच्या डाव्या मनगटावर एक जुना वण होता. त्याबद्दल त्यांनी एकदाच सांगितलं, बाजारभाव वाचायच्याच सुरात.

"मोठ्या पुरात आमच्या गावात पाणी शिरलं. सगळी ट्रॉलीत बसली. आमचा कुत्रा अंगणात, काय केल्या चढंना. ट्रॅक्टरवाला वरडतोय, पाणी वाढतंय. मी त्याच्या गळ्यातली दोरी धरली आणि ओढला. चावला. मग माझ्या हातातनं दोरी सोडवून मागं पळाला. आम्ही गेलो."

"मग?"

"आठ दिवसांनी पाणी उतरलं. गोठ्याच्या पत्र्यावर बसलेला हुता. जिवंत. पण माझ्याजवळ पुन्ना आला न्हाई. चार वर्षं त्याच अंगणात जगला. माझ्या हातचं खाल्लं न्हाई. भाऊ द्यायचा, तर खायाचा. मी आले की उठून जायाचा. मी त्याचा जीव वाचवायला ओढलं हुतं, हे त्याला कोण सांगणार? त्याला एवढंच कळलं, की भ्यालो तवा हिनं ओढलं."

कुठल्याही कुत्र्याची दोरी ओढताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. ढिली दोरी हातात धरून उभं राहायला मात्र मला तीन आठवडे लागले. काठी दिसली की माझी मूठ आपोआप आवळायची, आणि बंडला दोरीतूनच बातमी पोचायची.

महिना झाला तरी गल्लीत काही बदललं नव्हतं. आम्ही गल्लीत पाऊल टाकलं की लोक थबकून बघायचे, कुणी चुचकारायचं, कुणी हाड म्हणायचं, कुणी मुद्दाम काठी आपटून बघायचं. मी भडकले आणि मला जे येतं ते केलं. चार पानी पत्रक लिहिलं, 'साखळीला नकार'. वडिलांनी मांडणी करून दिली, पन्नास प्रती काढल्या. वाटण्याआधी आक्कांना दाखवावं म्हटलं.

त्यांनी स्टुलावर बसून चारही पानं वाचली.

"हे कुणी वाचायचं?"

"गल्लीनं."

"आणि गल्लीला ह्यात काय म्हणलंयस?"

"निष्ठुर."

"समोरची मावशी निष्ठुर हाय?"

"पहिली सही त्यांचीच आहे."

"तिनं का केली, इचारलंस?"

विचारलं नव्हतं. आक्कांनी पत्रक माझ्या हातात परत दिलं आणि समोरच्या दाराकडं बोट दाखवलं. मी गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. मी विचारल्यावर ताट बाजूला सारून म्हणाल्या, "भ्या वाटतं गं मला त्येचं. ल्हान असताना कुत्रं चावलेलं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलीत. त्ये भुंकलं की माझं पाय लटपटत्यात. नळाला यायचं म्हणलं तरी आधी खिडकीतनं बघती. तुला सांगून काय उपेग? तू भाषण करशील."

मी परत आले. गल्लीत घाबरणारे दोन जीव होते, आणि चार पानं भरून मी एकाचीच बाजू लिहिली होती.

आक्कांनी लाल पेन काढलं आणि पत्रकावर काम सुरू केलं. पहिलं पान अख्खं गेलं. दुसऱ्यावरचा इतिहास गेला. तिसऱ्यावरचे सात प्रश्न गेले. शेवटची ओळ त्यांनी नव्यानं लिहायला लावली, आणि उरलं ते असं. 'ह्या कुत्र्याला काठीची भीती वाटते. जवळून जाताना त्याच्याकडे बघू नका, बोलू नका, हात लावू नका. तुम्हाला त्याची भीती वाटत असेल तर सांगा, आम्ही लांब थांबू.'

वडिलांनी ती चिठ्ठी पाहिली आणि चष्मा कपाळावर नेला. "ह्यात मागणी कुठाय? विरोधक कोण? आणि खाली 'झिंदाबाद' नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग वाचतील लोक," ते म्हणाले. आणि स्वतः पाव कागदावर साठ प्रती काढून दिल्या.

आमच्या छापखान्यातून निघालेलं ते सर्वांत लहान पत्रक. घरोघर दिलं आणि लोकांनी ते पाळलं. आजवर मी लिहिलेल्या एकाही पत्रकाच्या बाबतीत हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पाळलं म्हणजे कोल्हापुरी पद्धतीनं पाळलं. 'बघू नका' म्हटल्यावर लोक एवढ्या जोरात न बघता जायला लागले की एक जण विजेच्या खांबावर आपटला. तरणी मंडळी गल्लीत शिरताना एकमेकांना मोठ्यानं "गप की, पावणं हाय" असं बजावायची. दुसऱ्याच दिवशी मावशी येऊन आक्कांसमोर उभ्या राहिल्या.

"मला काय तरी काम द्या. नुसतं बघू नगं म्हणलं, की बघावंच वाटतंय."

आक्कांनी खडू काढला. अंगणाच्या दारात बंड आणि मी. तिथून तीस पावलांवर रस्त्यावर एक आडवी रेघ. "ह्या रेघेवरनं खराटा घेऊन हिकडनं तिकडं जायाचं. त्या खांबाकडं बघत. पाय लटपटायला लागलं तर थांबायचं आणि घरी जायाचं. पावण्याला जो नियम, तोच तुला."

मावशी गेल्या. पहिल्या दिवशी खराटा खांद्यावर घेऊन परेडला निघाल्यासारख्या. बंडनं खराटा पाहिला, मी कलेजी दिली. परत पाहिला, परत कलेजी. चौथ्या फेरीला मावशीच थांबल्या आणि घरी गेल्या. आक्का म्हणाल्या, "शाब्बास", आणि मला कळेना ते कुणाला.

आठवड्यानं रेघ पंचवीस पावलांवर आली. मग अठरावर. रेघ कधी पुढं न्यायची, ते कधी बंडचे कान ठरवायचे आणि कधी मावशींचे पाय. बारा पावलांवर असताना एक दिवस बंडनं खराट्याकडं पाहिलं आणि मी खिशात हात घालायच्या आधी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. भुंकला नाही. 'तो बघ खराटा, आता दे' एवढंच. मी वहीत लिहिलं, 'खराटा. बारा पावलं. बघितलं. माझ्याकडं बघितलं.' एकही विशेषण नव्हतं.

चतुर्थीला दहा दिवस असताना पलीकडच्या चौकात ढोलाचा सराव सुरू झाला आणि सगळं कोसळलं. बंड दोन दिवस खाटेखालून निघाला नाही. बाराव्या पावलावर असलेला कुत्रा पुन्हा तीसवर गेला. मी आक्कांना फोन करून रडले. मंडळाविरुद्ध तक्रार करते म्हटलं, रस्त्यावर बसते म्हटलं.

"बस की," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या खाटेपाशी बस. भिंतीकडं तोंड करून. पेपर हाय का घरात?"

दोन दिवस मी खाटेपाशी पाठ करून बसले आणि कोथिंबिरीचे भाव वाचले. तिसऱ्या दिवशी माझ्या कमरेला नाक लागलं. आक्का आल्या, त्यांनी न बोलता तीस पावलांवर रेघ मारली. या वेळी ती पाच दिवसांत दहावर आली. "वाट एकदा चाललेली हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता तात्या बाहेर आले. नवा लेंगा, हातात काठी. बंड आणि मी अंगणाच्या दारात, गल्ली दारादारात उभी. खांबाकडं बघणारं त्या दिवशी कुणी नव्हतं. आक्का रस्त्याच्या पलीकडच्या कडेला स्टुलावर, आमच्याकडं पाठ करून.

"बाई, मी परीक्षा घ्यायला आलोय," तात्या म्हणाले.

"मी परीक्षा घिऊ देत न्हाई," आक्का मागं न वळता म्हणाल्या. "तुम्हाला दुकानाला जायाचंय?"

"जायाचं तर हाय. रस्ता माझा बी हाय."

"मग जावा की. दुकानाला जाता तसं जावा."

तात्या निघाले. गुडघा दुखत असल्यामुळं त्यांची काठी प्रत्येक पावलाला ठक वाजायची. वीस पावलं. बंड उभा राहिला. पंधरा. कान मागं गेले. माझी मूठ आवळायला लागली, मी बोटं एकेक करून सोडवली. बारा. काठी ठक, ठक. बंडनं ओठ चाटले. म्हणजे तो हळू आवाजात सांगत होता, आणि या वेळी मी ऐकत होते. मी एक पाऊल मागं घेतलं, दोरी ढिली. तोही एक पाऊल मागं आला. दहा. त्यानं काठीकडं पाहिलं, किती वेळ पाहिलं मला सांगता येणार नाही, आणि मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

मी कलेजी दिली. आठ पावलं. काठी, मग मी. सहा. काठी, मग मी. पाच पावलांवरून तात्या निघून गेले आणि बंडच्या तोंडातून आवाज निघाला नाही. गल्लीतूनही नाही.

पुढं जाऊन तात्या थांबले, वळले. त्यांचा चेहरा असा खुलला होता, जणू काट्यावर वजन अचूक लागलं असावं. "आरं, शाणं झालं की हे," म्हणत ते सरळ आमच्याकडं आले आणि माणूस जे करतो तेच केलं. काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात बंडच्या डोक्याकडं नेला.

तो हात हवेतच थांबला. मावशींनी मनगट धरलं होतं.

"तात्या, हात," मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. "चिठ्ठी वाचली न्हाई व्हय?"

"वाचली गं," तात्याही दबक्या आवाजात म्हणाले. "पर माया आली."

"माया दुरनं करा. पावणं हाय त्ये."

मावशी त्या क्षणी बंडपासून दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. आक्का स्टुलावर वळून बसल्या होत्या आणि मावशींच्या पायांकडं बघत होत्या. पाय स्थिर होते.

तात्यांनी हात खाली घेतला. मग बंडनं मान लांब केली, काठीचं टोक हुंगलं, हळूहळू वर लेंग्यापर्यंत गेला, तिथं जरा थांबला आणि परत येऊन माझ्या पायाशी उभा राहिला. तात्या म्हणाले, "ह्येच्या काळजात काय चाललं आसंल रं, लेंगा धरला त्या वक्ताला." ते कुणाला म्हणाले कुणास ठाऊक.

"मग अर्जाचं काय करायचं?" मावशींनी विचारलं.

"कसला अर्ज?" तात्या म्हणाले. "मळ्यावर मोटरीला कुलूप घालतो की मी."

मी तेव्हा नाचायला हवं होतं. पण मला हलताच येईना, कारण बंडनं एक असं काम केलं जे त्यानं घराबाहेर कधीच केलं नव्हतं. ढिल्या दोरीनं तो रस्त्याच्या मधोमध, उन्हाच्या तुकड्यात गेला, दोन गोल फिरला, आडवा झाला, चारही पाय पसरले आणि झोपला. खरा झोपला. पोट वरखाली व्हायला लागलं.

त्याच वेळी मांडवाचे बांबू घेऊन टेम्पो गल्लीत शिरला. ड्रायव्हरनं काच खाली करून हात हॉर्नकडं नेला, आणि दारादारांतून एवढे हात एकदम वर झाले की तो दचकून थांबला. तात्या लंगडत टेम्पोपाशी गेले.

"बंद कर गाडी."

"काय झालं ओ?"

"झोपलंय."

ड्रायव्हरनं वाकून पाहिलं. "कुत्रं हाय की त्ये."

"हाय," तात्या म्हणाले. "मग?"

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. गणपती दुसऱ्या दिवशी यायचा होता, मांडव अजून उभा राहायचा होता, आणि अख्खी गल्ली दारात उभी राहून एका कुत्र्याचं पोट वरखाली होताना बघत होती. आक्कांनी घड्याळात पाहिलं. दिवस कलला होता, त्यांची जेवायची वेळ होत आली होती. त्यांनी स्टुलाची घडी घातली, आवाज होणार नाही अशी बेतानं, ते स्कूटीला अडकवलं, आणि स्कूटी सुरू न करता हातानं ढकलत, बांबूंच्या बाजूनं वाट काढत, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेल्या.